विहिरीची टीसीएल डॉल्फिनच्या तलावाला का चालत नाही

नमस्कार. गुहागरहून तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: बंदिस्त डॉल्फिनमध्ये यीस्ट (कॅन्डिडा ही बुरशी) पाण्यातून पसरतं, हे माझ्या लेखातलं वाक्य फार ठाम आहे. शिवाय टीसीएल (क्लोरीनची जंतुनाशक पावडर) टाकून विहीर निर्धोक होते, तर तलावातही क्लोरीन वाढवावं.

पहिला मुद्दा मान्य, लेखात दुरुस्ती करतो. कॅन्डिडा पुष्कळदा प्राण्याच्या आतड्यात किंवा ब्लोहोलमध्ये (डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात) आधीपासूनच थोडाफार असतो. अँटिबायोटिक लांबलं, ताण वाढला, की त्याला रान मोकळं मिळतं. उच्छ्वासाच्या तुषारांतून किंवा सांभाळणाऱ्याच्या हातांतून तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो, पण एवढ्यावर आजार होत नाही.

दुसरा मुद्दा मात्र मुळीच पटत नाही. विहिरीत कोणी लघवी करत नाही. डॉल्फिन त्याच पाण्यात राहतो. लघवीतल्या अमोनियाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात. ते जंतू मारण्यात दुबळे, पण डोळे आणि श्वासमार्ग झोंबवणारे. वर आणखी क्लोरीन ओतलं की श्लेष्मल त्वचा दुखावते, तिच्यावरचे उपयोगी जिवाणूही मरतात आणि ती रिकामी जागा यीस्ट घेतं. म्हणजे तुम्ही सुचवलेला उपाय रोगाच्याच कारणांत मोडतो.

ग्रामपंचायतीची ओटी चाचणी (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन तपासणं) इथे फसवते. थेंब टाकल्यावर पहिल्या काही सेकंदांत येणारा पिवळा रंग मुक्त, म्हणजे अमोनियाशी न जुळलेल्या, क्लोरीनचा. नंतर तो गडद होत जातो, ती क्लोरामाइनची भर. पाच मिनिटांनी रंग पाहून ‘भरपूर आहे’ म्हणणं चूक. डीपीडी या दुसऱ्या रंगचाचणीने आधी मुक्त, मग एकूण मोजावं. वजाबाकीत येईल तो संयुक्त क्लोरीन, म्हणजेच क्लोरामाइन. तो वाढला तर पाणी बदलायचं, फिल्टर धुवायचा, प्राण्यांची संख्या बघायची.

निदानही घाईने नको. पहिला उच्छ्वास सोडून पुढच्याचा नमुना सॅबुरो आगारच्या (बुरशी वाढवण्याच्या माध्यमाच्या) प्लेटवर घेतात, सोबत काचपट्टीवर लेप. नुसत्या गोल पेशी दिसल्या म्हणून औषध सुरू करू नये. लांबट धाग्यांसारख्या स्यूडोहायफी आणि दाहाच्या पेशी एकत्र दिसल्या तर संशय पक्का. जातही ओळखावी, कारण कॅन्डिडा क्रुसेईवर फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध मुळातच चालत नाही.

‘कोकणात डॉल्फिनचे तलावच नाहीत’ हे तुमचं म्हणणंही खरं. २०१३ पासून देशात डॉल्फिनेरियमला परवानगी नाही. पण किनाऱ्याला लागलेला गादा (डॉल्फिन) तुम्हाला दिसू शकतो. ब्लोहोलवर वाकू नका, त्यात पाणी जाऊ देऊ नका. हातमोजे आणि मास्क घालून त्याच्या अंगावर ओली चादर टाका, ब्लोहोल उघडं ठेवा, समुद्रात ढकलू नका आणि वनविभागाला १९२६ वर कळवा.