कोच बदला म्हणे!

सकाळी पोराच्या अंडर टेन्सच्या मॅचला गेले होते, डोकं सटकूनच घरी आलेय. साइडलाइनवर एक बाबा (आपलाच, मराठी, नाव घेत नाही) मोठमोठ्याने ओरडत होता, "अरे कोच बदला रे कोणीतरी!" कोच म्हणजे आठवडाभर प्लंबिंग करून शनिवारी पहाटे येऊन मैदानावर प्लास्टिकचे कोन मांडणारा माणूस, एक डॉलर घेत नाही. आणि दहा वर्षांची पोरं हे सगळं ऐकतायत.

हे येतं कुठून ते मला माहितीये. आम्ही पॅरामॅटावाले, म्हणजे सिडनीच्या पॅरामॅटा ईल्स या रग्बी लीग टीमचे फॅन. इथे वेंटवर्थविलला राहायला आलो तेव्हा रग्बी लीग आणि रग्बी युनियन वेगळे खेळ असतात एवढंही माहीत नव्हतं, आता घरात ईल्सची निळी-पिवळी जर्सी पाच साइजमध्ये आहे. त्यामुळे 2022 मध्ये ईल्सच्या घरच्या मैदानावर, कॉमबँक स्टेडियमवर जे बघितलं ते विसरता येत नाही. जेक आर्थर मैदानात उतरला, एकोणीस वर्षांचा पोरगा, आणि आपल्याच लोकांनी त्याला बू केलं. का, तर कोचचा मुलगा! माझ्या शेजारचे आजोबा, पाच मिनिटांपूर्वी माझ्या पोराला स्वतःच्या बकेटमधले चिप्स देणारे, ते दोन्ही हात तोंडाशी धरून बू करत होते. वर कोचच्या बॉक्समध्ये बाप बसलेला.

तो बाप म्हणजे ब्रॅड आर्थर. 2014 ला ईल्सचा कोच झाला. 2016 ला क्लबच्या वरच्या लोकांनी सॅलरी कॅपचं (खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा) लफडं केलं, लीगने 12 पॉइंट कापले, दहा लाख डॉलर दंड ठोकला. घोटाळा ऑफिसात, पण ट्रेनिंगला त्या पोरांसमोर उभं राहायचं कोणी? यानेच. 2017 ला टीम टॉप फोरमध्ये, 2018 ला थेट शेवटचा नंबर, तरी टिकला, आणि 2022 ला ग्रँड फायनलपर्यंत नेलं. पेनरिथने 28-12 ने धुतलं ते सोडा. म्हणजे ज्या वर्षी बाप टीमला फायनलला नेत होता त्याच वर्षी लोक त्याच्या पोराला बू करत होते!! पुढच्या वर्षी जेक मॅनली या दुसऱ्या क्लबला गेला. मी असते तर आधीच गेले असते.

मे 2024 मध्ये, सीझनच्या मध्यात, ब्रॅडला नारळ. टीमचा मुख्य खेळाडू मिचेल मोझेस दुखापतीने बाहेर, मॅचेस हरतोय, मग काय, पंगत बिघडली की आचाऱ्याला धरा, सामान कोणी आणलं ते विचारू नका.

बरं, मान्य, दहा वर्षांत एकही टायटल नाही आणि डिफेन्स कधीकधी बघवत नव्हता. पण टायटल तर 1986 पासून नाहीये ना, मधल्या काळात किती कोच बदलून झाले!

आणि टायटल जिंकणाऱ्यांचं तरी काय भलं होतं? कोच वेन बेनेट, ब्रिस्बेनच्या टीमला सहा टायटल मिळवून दिली, त्याला 2018 च्या डिसेंबरात काढलं, आणि ते फोनवर मेसेज ठेवून. दुसरा कोच मायकल मॅग्वायर, त्याने 2014 ला साउथ्स या सिडनीच्या क्लबला 43 वर्षांनी कप दिला, तीन वर्षांत गच्छंती. मग टायगर्स या क्लबने 2022 ला काढला. आणि 2025 ला तोच माणूस ब्रिस्बेनला चँपियन करतो, फायनलला मेलबर्नला 26-22 ने हरवून. मग तो मधली वर्षं बिनकामाचा होता का?

नवरा आत्ता मागून वाचतोय, म्हणतो "पगार बघ की त्यांचा, लाखांत असतो". असतो रे. नोकरी जाणार हे धरूनच घेतात ते काम, ब्रॅडलाही काही महिन्यांत इंग्लंडमध्ये लीड्सची टीम मिळाली, उपाशी नाही मेला. पण त्या रात्रीच्या बूचे पैसे कुठल्या काँट्रॅक्टमध्ये लिहिलेले असतात? पोरगा चुकला तर बाप वशिला लावतो, आणि बापाने टीमबाहेर बसवला असता तर पोराचं करिअर गेलं, तुम्हीच सांगा काय करायचं त्याने.

त्या आजोबांचा राग मात्र मला धरता येत नाही, का कुणास ठाऊक. 1986 चा कप त्यांनी डोळ्यांनी बघितला असणार, तेव्हापासून दरवर्षी तिकीट काढून येत असतील. चिडणारच माणूस. ओरडा ना मग, टीमवर ओरडा, रेफरीवर ओरडा (तो तर सवयीचाच असतो). पण एकोणीस वर्षांच्या पोरावर नाही, आणि फुकट शिकवणाऱ्या प्लंबरवर तर अजिबातच नाही. कमेंटमध्ये "स्पोर्ट्समध्ये चालतंच हे" लिहिणार असाल तर आधीच सांगते, आज माझा मूड नाहीये.