अशिलानेच व्हॉट्सॲपवर पाठवलं, मग जबाबदारी कोणाची?

सर, वकिलाकडून अशिलाची गुपितं अप्रत्यक्षपणे कशी फुटतात, यावरच्या माझ्या गेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अशील स्वतःच नोटिसा, बँकेचे उतारे, नवरा-बायकोचे चॅट व्हॉट्सॲपवर पाठवतो, म्हणजे गोपनीयता त्यानेच सोडली, कायद्यात मोबाइल किंवा एआयचा उल्लेखच नाही, आणि पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात तारखांमागे धावणाऱ्या ज्युनिअरवर मी नको ते ओझं टाकते आहे. तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पहिले दोन मला अजिबात मान्य नाहीत.

भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२, म्हणजे १८७२च्या जुन्या पुरावा कायद्यातलं १२६, अशिलाने सांगितलेलं वकिलाने उघड करण्याआधी अशिलाची स्पष्ट संमती मागतं. कलम १३३ तर त्याही पुढे जातं. पक्षकार स्वतःहून साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तरी तेवढ्याने त्याने वकिलाला बोलायची मोकळीक दिली असं धरायचं नाही. पिंजऱ्यातली साक्षही जिथे पुरत नाही, तिथे रात्री घाबरून पाठवलेला मेसेज कसा पुरेल? शिवाय तो त्याने तुम्हाला पाठवलाय, गावाला नाही.

कायद्यात मोबाइल नाही, हे खरं. १८७२च्या कायद्यात टाइपरायटरही नव्हता, म्हणून टाइप केलेला मसुदा कोणी चव्हाट्यावर मांडला नाही. वकिलांच्या वागणुकीचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलचा नियम १७ सांगतो की जुन्या कलम १२६चा, म्हणजे आजच्या १३२चा, भंग वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे करू नये. माझा सगळा लेख त्या ‘अप्रत्यक्ष’वर होता.

कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत काय चालतं, ते तुम्हीही रोज पाहता. ज्युनिअर पेनड्राइव्ह देतो किंवा दुकानाच्या नंबरवर पीडीएफ टाकतो, प्रिंट घेतो आणि पळतो. फाइल तिथेच राहते. घटस्फोटाच्या अर्जाला जोडलेले दवाखान्याचे कागद, पगाराच्या स्लिपा, मुलांच्या शाळेचं नाव, सगळं त्या संगणकावर पडून. कलम १३२ वकिलाच्या कारकुनालाही बांधतं, दुकानदाराला बांधत नाही.

एआयच्या कंपनीलाही नाही. अख्खी कैफियत मोफत चॅटबॉटमध्ये टाकून सारांश मागितला, की तो मजकूर कंपनीच्या अटींवर जगतो, आपल्या नाही. २०२५मध्ये चॅटजीपीटीवर लोकांनी शेअर केलेली संभाषणं गुगलच्या शोधात दिसू लागली. कंपनीने ती सोय नंतर काढून टाकली. त्याच वर्षी जुलैमध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी एआयचं धोरण काढलं, त्यात क्लाउडवरची अशी साधनं टाळायला सांगितलं आहे. न्यायाधीशांनी जपायचं आणि वकिलांनी नाही, असं कसं चालेल?

मोठ्या वकिलांकडूनही हे घडतं. जानेवारी २०१९मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांचा माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट याच्या वकिलांनी गोपनीय मजकुरावर काळे पट्टे मारून कागद कोर्टात दाखल केला. पट्ट्यांखालचा मजकूर कॉपी-पेस्ट केला की सरळ वाचता येत होता. ई-फायलिंग करताना तेवढं तपासाच.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये सांगितलं की तपास यंत्रणेला वकिलाचं डिजिटल उपकरण हवं असेल, तर ते न्यायालयापुढे हजर करावं, वकील आणि पक्षकार यांच्या समोरच उघडावं आणि इतर अशिलांची गोपनीयता जपावी. न्यायालय आपल्या फोनला एवढं जपतं आणि आपण जुना लॅपटॉप फाइलींसकट विकतो. काम संपलं तरी बंधन संपत नाही, हे कलम १३२च्याच स्पष्टीकरणात आहे.

आता ज्युनिअरचं. ते ओझं त्याच्यावर नसावंच, ते सीनिअरचं आहे. तो स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खर्चाने चेंबरची कामं करतो आणि चेंबर सोडतो तेव्हा अशिलांचे कागद त्याच्या खिशातून बाहेर जातात. चेंबरमध्ये एक प्रिंटर, कामापुरता वेगळा ईमेल, आणि एआयमध्ये काय टाकायचं नाही हे पहिल्याच दिवशी सांगणं, एवढं कोणत्याही सीनिअरला परवडतं.

कौटुंबिक न्यायालयातल्या प्रकरणांत तर आणखी एक गोष्ट करा. वकीलपत्रावर सही घेताना अशिलाला विचारा: या फोनचा पासवर्ड घरात कोणाकोणाला माहीत आहे? मग तिथेच त्याच्याकडून व्हॉट्सॲपचं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’, म्हणजे तेच खातं आणखी कुठे उघडलं आहे त्याची यादी, उघडून घ्या. तिथे अनोळखी संगणक दिसला, तर तो आधी काढायला लावा आणि पासवर्ड बदलेपर्यंत त्या नंबरवर मसुदा पाठवू नका.