हात दाखवा, बस शोधा

दोन कंपोनंटना, म्हणजे अ‍ॅपच्या दोन तुकड्यांना, एकमेकांशी बोलायचंय? लगेच इव्हेंट बस आणा: एकाने इव्हेंटच्या नावाने हाक मारायची (एमिट), ज्याने त्या नावाला कान लावलाय (लिसनर) त्याने ऐकायची. प्रॉप्स (वरच्या कंपोनंटने खालच्याला दिलेली माहिती) पाठवणं, फंक्शन सरळ कॉल करणं ही जुन्या वळणाच्या लोकांची कामं.

इव्हेंटला नाव मनात येईल ते द्या. 'कार्ट-अपडेट', 'कार्ट-अपडेटेड', 'अपडेट-कार्ट' तिन्ही एकाच कोडमध्ये सुखाने नांदू देत. चुकीच्या नावाने हाक मारली तरी बस कुरकुर करत नाही. एमिट होतं, ऐकायला कुणी नसतं, एरर दाखवणारा कन्सोल कोरा करकरीत.

एकाच इव्हेंटला अकरावा लिसनर लागला की नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) मेमरी लीकची, म्हणजे मेमरी अडकून राहत असल्याची, वॉर्निंग देतं. मर्यादा शून्य करून टाका, म्हणजे अमर्याद. थर्मामीटर फोडला की ताप उतरलाच.

व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कने 2020 साली तिसऱ्या आवृत्तीतून ऑन-ऑफ (लिसनर लावणं-काढणं) काढून टाकलं, तरी खचू नका. त्याच कामाची 'मिट' लायब्ररी आहे ना, जेमतेम 200 बाइट्सची. दुखणं मात्र पूर्वीएवढंच.

आणि लिसनर काढायचा तर असा काढा, की तो निघूच नये. आमच्याकडे एका भल्या माणसाने हे करून ठेवलं होतं. वस्तूचं पान उघडा, मागे जा, पुन्हा उघडा, 'कार्टमध्ये टाका' दाबा: दोन कढया. चौथ्यांदा उघडा: चार. शुक्रवारी संध्याकाळी दुकानवाल्याचा फोन. एमिटवर ब्रेकपॉइंट (कोड थांबवून बघायची खूण) लावला, तर ते एकदाच होतंय. स्टॅकमध्ये, म्हणजे कुणी कुणाला कॉल केलं त्या यादीत, एमिट दिसतं, हँडलर (लिसनरचं फंक्शन) दिसतो. त्याला तिथे चिकटवला कुणी, ते नाही. बरं, कोडमध्ये ऑफ लिहिलेलं! तीनदा वाचलं. शेवटी ऑनमध्ये कन्सोल-ट्रेस (कॉल कुठून आला ते छापणारा) घातला, तेव्हा रात्री दीडला उजेड पडला. ऑनला धिस-डॉट-अपडेट हे फंक्शन बाइंड करून (त्याच्या मालकाशी बांधून) दिलेलं, आणि ऑफला पुन्हा नव्याने बाइंड करून. अरे, बाइंड दर वेळी नवं फंक्शन देतं! ऑफ जुनं ओळखणार कसं? आणि ते बिचारं न सापडल्याचं सांगतही नाही.

एकदाच बाइंड करून व्हेरिएबलमध्ये ठेवायला काय होतं रे? नावांची एक फाइल करायला काय जातं? पान चारदा उघडून लिसनर मोजले असतेत, तर पाच मिनिटांत कळलं असतं. तेवढं केलं नाहीत, 'ऑफ घातलाय' म्हणून तिकीट बंद केलंत आणि नोकरी बदलून मोकळे झालात. जादा गेलेल्या तीन कढया परत कशा आणायच्या, ते दुकानवाल्याला आज मी समजावतोय.