'केकातला फ्लेवर चालतो, मग वेपातला का नाही' या मेसेजला उत्तर

सध्या नागपुरातल्या कॉलेजच्या पोट्ट्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. वेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, फ्लेवर फूड ग्रेड असतो, केक-आइस्क्रीममध्ये घालतात तोच, निकोटिन नसलेलं घेतलं तर नुसती वाफ, पॉपकॉर्न लंग नावाचा फुप्फुसाचा आजार ही अफवा, आणि इंग्लंडवालेच म्हणतात ९५ टक्के सेफ. हे वाचून बारावीतली पोरंपण म्हणतात, खर्ऱ्यापेक्षा, म्हणजे तंबाखू-सुपारीपेक्षा, तर बरंच ना. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी फूड ग्रेड. फूड ग्रेड म्हणजे खायला चालेल एवढंच, ओढायला चालेल असं त्यात कुठंच येत नाही. घरी सावजीसाठी मिरची तव्यावर भाजली की सगळं घर खोकत बाहेर येतं, आणि तीच मिरची रश्श्यात आली की आपण मिटक्या मारत खातो, पोट वेगळं आणि फुप्फुस वेगळं आहे बापा. अमेरिकेतल्या फ्लेवर बनवणाऱ्यांची फेमा नावाची संघटना आहे, त्यांनीच जाहीर सांगितलंय की आमची सेफ यादी खाण्यापुरती आहे, ई-सिगारेटला लावू नका. म्हणजे माल बनवणारेच नाही म्हणतात आणि पानठेल्यावरचा विकणारा हो म्हणतो. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणारे धडाधड ॲडमिट झाले, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण आणि ६८ मृत्यू. त्यात बहुतेकांचा माल गांजाच्या अर्काचा होता, साधा फ्लेवरवाला नाही, हे खरं, पण मुख्य संशय ज्याच्यावर आला ते व्हिटॅमिन ई ॲसिटेट, जे गोळीत आणि क्रीममध्ये लोक रोज वापरतात.

आता पॉपकॉर्न लंग. २००० साली मिसुरी राज्यातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या आठ माजी कामगारांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या खराब झाल्याचं समोर आलं, कारण बटर फ्लेवरची वाफ, त्यातलं डायअसिटिल नावाचं केमिकल. यात अफवा काय आहे? २०१५ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी वेपचे ५१ फ्लेवर तपासले, ३९ मध्ये डायअसिटिल निघालं. वेपमुळेच हा आजार झाला असं पक्कं सिद्ध झालेलं नाही आणि सिगारेटच्या धुरात डायअसिटिल जास्तच असतं, हेही सांगतो, कारण भीती घालायला खोटं बोलायची गरज नाही. पण बोंब झाल्यावर काही कंपन्यांनी डायअसिटिलच्या जागी पेंटेनडायोन नावाचं दुसरं केमिकल वापरलं, आणि उंदरांवर बघितलं तर तेही श्वासनळीला तसंच खातं.

नुसती वाफ म्हणणाऱ्यांनी आत काय असतं ते बघावं, पाणी नाही, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, ते तापवणारी वेपमधली कॉइल जास्त तापली की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलिन निघतं. निकोटिन शून्य असलं तरी दालचिनीच्या फ्लेवरमधलं सिनामाल्डिहाइड श्वासनळीतली कचरा बाहेर ढकलणारी बारीक केसं मंद करतं, प्रयोगशाळेत पेशींवर दिसलंय हे. व्हॅनिलाचं तर बाटलीत असतानाच ग्लायकॉलशी मिसळून वेगळंच केमिकल तयार होतं, जे लेबलवर लिहिलेलंच नसतं.

९५ टक्क्यांचं वाक्य २०१५ चं, इंग्लंडच्या सरकारी आरोग्य खात्याचं, पण ती तुलना सिगारेटशी आहे. ज्या पोट्ट्यानं सिगारेट नाही, खर्राही कधी खाल्ला नाही, त्याची तुलना साध्या हवेशीच करायला पाहिजे ना. शिवाय तिथं लिक्विडमध्ये डायअसिटिल घालायला बंदी, निकोटिन एका मिलीत २० मिलिग्रॅमच्या वर नाही. आपल्याकडे २०१९ पासून विक्रीच बंद, त्यामुळे इथं मिळतो तो चोरून आलेला माल, तपासणार कोण?

आणि जे ओढताहेत त्यांना मनापासून सांगतो, दम लागला, छातीत दुखलं, ताप आला तर डॉक्टरला स्वतःहून सांगा की वेप ओढतो, कारण नुसता एक्स-रे बघितला तर न्यूमोनियासारखाच दिसतो आणि उपचार चुकतो.