वैशाखातल्या कार्याला सुतीच नेसा

अक्षय तृतीया जवळ आली की नात्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर साड्यांचे फोटो पडायला लागतात. ही नेसू की ती? हळदीला काय, सीमांत पूजनाला काय, लग्न लागताना काय? माझं मत मी सगळ्यांना सांगत असते, आज इथे सविस्तर लिहिते. चैत्र-वैशाखातल्या कार्याला सुती कापड हाच मानाचा पोशाख आहे. ‘चालेल, गरमी आहे ना’ अशा सवलतीच्या सुरात मी हे म्हणत नाही. त्या ऋतूत तेच शोभतं, म्हणून म्हणते.

आपल्याकडे सुट्ट्या उन्हाळ्यात, मुहूर्त उन्हाळ्यात, मुंजी तर जवळजवळ सगळ्या उन्हाळ्यात. आणि कपडे मात्र आपण जानेवारीतल्या लग्नाला निघाल्यासारखे काढतो. जड काठ, खालून अस्तर, वरून जाळी, पॅड घातलेला ब्लाउज. साडेबाराचा मुहूर्त, मंगल कार्यालयात दोन कोपऱ्यांत दोन कूलर आणि मध्ये पाचशे माणसं. या सगळ्यात ‘सुती म्हणजे घरात नेसायचं, कार्यात काहीतरी भारी हवं’ हा समज इतका घट्ट बसलाय की कॉटनची सुंदर साडी नेसून आलेल्या बाईला कुणीतरी हमखास विचारतं, ‘का गं, एवढ्या घरच्या कार्यात साधीच नेसलीस?’ हा प्रश्न बंद व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

यात रेशमाचा दोष फारसा नाही, हेही सांगते. खरं रेशीम ओलावा चांगला शोषतं. शंभर ग्रॅम कोरडा कापूस साध्या हवेतून साधारण ८ ग्रॅम ओलावा स्वतःत घेतो, रेशीम ११ च्या आसपास, लिनन १२ च्या आसपास. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. आणि आज ‘आर्ट सिल्क’, ‘सेमी पैठणी’, ‘सिल्क फिनिश’ या नावांनी जे विकलं जातं त्यात बहुतेक वेळा पॉलिस्टर नाहीतर रेयॉनच असतं. म्हणजे पोशाख रेशमी दिसतो, पण पॉलिस्टर असेल तर आत माणूस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो. खऱ्या पैठणीबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे: ती दुपारच्या घामात नेसूच नका. घाम रेशमालाही बाधतो आणि जरीलाही. संध्याकाळी स्वागत समारंभाला एसी हॉलमध्ये नेसा, दोन तास मिरवा, घरी आल्यावर वाऱ्यावर टाका.

मी अकोल्याची, लग्नानंतर ठाण्याला आले. त्यामुळे दोन्ही उन्हाळे अंगावर घेतलेत आणि त्यांचे कपडे वेगवेगळे असतात हे मला ठासून सांगावंसं वाटतं. मासिकांत आणि रील्समध्ये ‘समर लुक’ म्हणून एकच काहीतरी दाखवतात: बिनबाह्यांचं, आखूड, सैलसर. ठाण्यात, मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत ते ठीक आहे. तिथे पारा ३४-३५ वर असतो, पण हवा इतकी दमट की घाम वाळत नाही. अंगाला जितका वारा लागेल तितकं बरं. कापड पातळ हवं. जाड कॉटन, डेनिम, दुहेरी कापडाचे कुर्ते इथे काही कामाचे नाहीत; सुती असूनही ते घाम पिऊन ओले राहतात आणि मांड्यांना चिकटतात.

अकोला, नागपूर, चंद्रपूर, जळगाव इथलं गणित उलटं. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा ४४-४५ वर गेली की उघड्या हाताला लागणारा वारा गारवा देत नाही, भाजतो. तिथे अंग झाकायचं असतं. पूर्ण बाह्या, सैल सलवार, डोक्याला-कानाला गुंडाळलेला सुती दुपट्टा. स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळं बांधून घेतात, ते योग्यच आहे. लग्नाला मुंबईहून विदर्भात जाणाऱ्या पाहुण्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. बिनबाह्यांचा ब्लाउज घालून भर दुपारी वरातीत चालू नका, खांद्यांवर पदर घ्या.

हवामान खातंसुद्धा हा फरक धरतं. मैदानी भागात पारा किमान ४० ला गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, किनारपट्टीला मात्र ३७ पासूनच होतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघातानं दहापेक्षा जास्त माणसं गेली, तेव्हा पारा विदर्भातल्या माणसाला नेहमीचा वाटावा असाच होता. दमट हवेतलं ऊन किती घातक असतं हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. म्हणून उन्हाळ्यात कापड निवडणं ही नुसती हौसेची बाब आहे असं मी मानत नाही.

रंगाबद्दलही एक गोष्ट सांगते. पांढरं, फिकं घाला हे बरोबरच, पण सैलपणा त्याहून महत्त्वाचा. वाळवंटातले बेदुईन अरब लोक काळे झगे का घालतात यावर १९८० साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला होता. काळं कापड जास्त तापत होतं, पण अंगापर्यंत पोचणारी उष्णता पांढऱ्या झग्याइतकीच भरली. झगा ऐसपैस असल्यानं आत हवा खेळत होती, जास्तीची उष्णता ती बाहेरच्या बाहेर घेऊन जात होती. तेव्हा वांगी रंगाची, गडद निळी सुती साडी आवडत असेल तर खुशाल नेसा. फक्त ब्लाउजची बाही दंडात रुतणारी नको.

आता मुलांबद्दल. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण त्यांना कुणी विचारत नाही. अकोल्याला नात्यातल्या एका मुंजीत पुतणीची सात-आठ वर्षांची मुलगी घागरा घालून आली होती. वरून सुंदर गुलाबी, मोती लावलेला. अकराच्या सुमारास ती रडायला लागली ती थांबेना. सगळे म्हणाले भूक लागली असेल, झोप आली असेल. तिच्या पणजीनं तिला आतल्या खोलीत नेऊन घागरा सोडला तर कमरेभोवती इलॅस्टिकचा लालभडक वळ, काखेत जाळीच्या शिवणीनं सोललेलं, आणि घेर फुलावा म्हणून आत लावलेल्या ताठ कॅनकॅनच्या तीन थरांनी मांड्यांवर पुरळ. अस्तर सॅटिनचं, म्हणजे पॉलिस्टरचं. पणजीनं ओल्या पंचानं अंग पुसलं आणि पिशवीतला रोजचा फ्रॉक घातला. दहा मिनिटांत पोर अंगणात खेळायला पळाली. आणि तिची आई मात्र ‘आता फोटोत कशी दिसेल’ म्हणून हिरमुसली.

फोटोत छान दिसण्यासाठी खणाचा परकर-पोलका आहेच की आपल्याकडे! खणाचं कापड मात्र पारखून घ्या, आता तेही पॉलिस्टरमध्ये सर्रास मिळतं. परकराला अस्तर लावू नका, पोलक्याला लावायचंच तर मलमलचं लावा. मुलग्यांना सुती झब्बा आणि नाडीचा पायजमा. तीन वर्षांच्या पोराला शेरवानी आणि फेटा घालून मे महिन्यात तासभर उभं करणं मला अजिबात पटत नाही.

अस्तराचा विषय निघालाच आहे तर बायकांनाही सांगते. आपण कापड पारखून घेतो आणि शिवायला टाकताना अस्तराचं काही बोलतच नाही. मग कॉटनच्या कुर्त्याला आतून क्रेपचं अस्तर लागून येतं आणि सगळ्यावर पाणी पडतं. अंगाला तर अस्तरच लागतं ना! शिंप्याला किंवा शिवणाऱ्या ताईंना स्पष्ट सांगा, अस्तर सुतीच. ब्लाउजला ‘टू बाय टू’ नावाचं सुती कापड उत्तम. परकरसुद्धा सुती. हल्ली साडीखाली लायक्राचे घट्ट शेपवेअर घालतात, चापूनचोपून दिसतं खरं, पण उन्हाळ्यातल्या दिवसभराच्या कार्यात ते नकोच.

साड्यांमध्ये तर किती निवड आहे! इरकलचे काठ आणि लाल पदर लांबूनही ओळखू येतो, घरातल्या मोठ्या बाईला मुहूर्ताच्या वेळी याहून भारदस्त काही नाही. माहेश्वरी आणि चंदेरीत सूत आणि रेशीम एकत्र येतं, त्यामुळे चमकही मिळते आणि हलकेपणाही. कोटा डोरियाच्या बारीक चौकटींतून तर वारा आरपार जातो. ज्यांना साडीचं ओझं वाटतं त्यांनी ती नेसून बघावी. मंगलगिरीला छोटासा जरीचा काठ असतो, सत्यनारायणाला, वास्तुशांतीला तेवढा पुरतो. थाट करायचा तर दागिन्यांत करा, ठुशी घाला, नथ घाला, आणि मोगऱ्याचा तर हाच मोसम. खळ मात्र हलकीच करा. कडक खळ केलेली साडी तासभर सुंदर दिसते, मग घामानं जागोजागी मऊ पडते आणि चुरगळते.

पुरुषांवर तर जास्तच अन्याय होतो. नवरदेव मखमली शेरवानीत, आत पूर्ण बाह्यांचा कुर्ता, डोक्यावर फेटा, समोर होमाचा धूर. घाम पुसायला एक मित्र रुमाल घेऊन उभा. मलमलचा किंवा पातळ खादीचा झब्बा, सुती धोतर किंवा सैल पायजमा, खांद्यावर जरीकाठी उपरणं, या वेशात नवरदेव कुठेही कमी दिसत नाही. जॅकेट हवंच असेल तर लिननचं शिवा आणि शिंप्याला पाठीला अस्तर लावू देऊ नका. फेटा सुती मलमलचा बांधा. आणि आत सुती बनियन असू द्या. घाम ती टिपते, झब्ब्यावर डाग उमटत नाहीत.

ऑफिसच्या कपड्यांबद्दल थोडक्यात. जपान सरकारनं २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढली, उन्हाळ्यात एसी २८ अंशांवर ठेवा आणि टाय-कोट सोडून कामावर या. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशाला हे जमलं. आपल्याकडे वकिलांनाही उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून. मग खासगी कंपन्यांनी मे महिन्यात ब्लेझरचा आग्रह का धरावा? कोट घालायचा म्हणून एसी १८ वर, आणि एसी १८ वर म्हणून बायका ऑफिसात शाल घेऊन बसलेल्या. पातळ पॉपलीनचा किंवा लिननचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, नीट इस्त्री केलेला, हा पूर्ण औपचारिक पोशाख मानायला हवा. लोकलनं जाणाऱ्यांनी राखाडी आणि फिका निळा टाळावा, घामाचा प्रत्येक ठिपका त्यांवर दिसतो. पांढरा, गडद निळा किंवा बारीक छपाईचा शर्ट दादरच्या गर्दीतून उतरल्यावरही बरा दिसतो. धावायला, जिमला जाणाऱ्यांनी ते घाम लवकर वाळवणारे टी-शर्ट जरूर वापरावेत, तासाभराच्या व्यायामाला ते सोयीचे असतात.

दुकानात कापड कसं ओळखायचं हे मला नेहमी विचारतात. कापड उजेडासमोर धरा, वीण दिसते. एकेरी कापड तोंडाजवळ धरून फुंकर मारा आणि पलीकडे हात ठेवा, हवा लागली पाहिजे. विक्रेत्याला सुताचा काउंट विचारा. आकडा जितका मोठा तितका धागा बारीक, ८० किंवा १०० काउंटची साडी हातात घेतली की ४० च्या साडीतला फरक लगेच कळतो. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून, तो चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी बनते. चांगला दुकानदार या सगळ्याला हरकत घेत नाही, उलट स्वतःच करून दाखवतो.

यवतमाळ, अकोला, वर्धा हा आपला कापसाचा मुलूख. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल उभी केली ती याच कापसाच्या भरवशावर. त्याच मातीतल्या मांडवात आज वऱ्हाडी मंडळी पॉलिस्टरमध्ये घामेजून बसतात, हे बघवत नाही.

बदल यजमानांनीच करायला हवा, पाहुणे एकटे धजावत नाहीत. करवलीनं, वरमाईनं, वधूच्या आत्यानं पहिल्यांदा सुती नेसलं की बाकीच्यांचा संकोच आपोआप जातो. आपण पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापतोच. तिथेच खाली लिहा: ‘उन्हाळा आहे, सर्वांनी सुती कपड्यांत यावं.’ आमच्याकडे येत्या मे महिन्यात अकोल्याला लग्न आहे आणि पत्रिका अजून छापायला गेलेली नाही. ही ओळ मी मजकुरात घालायला दिली आहे, आणि वरमाईची इरकलही ठरली आहे.