राजा आहे, पण भाषण वाचण्यापुरता

तुझं काय बाबा, तू ख्रिस्ती देशात राहतोस, हे वाक्य मला भारतातून दोन वेगवेगळ्या सुरांत ऐकायला मिळतं. घरचे म्हणतात तेव्हा त्यात थोडा हेवा असतो, की तुला तिकडे कोणी त्रास देत नाही. कॉलेजचे मित्र म्हणतात तेव्हा टोमणा असतो, की तिकडे तुमचंच राज्य आहे ना, मग इकडे कशाला बाटवाबाटवी. आणि दोघांनाही माझं उत्तर पटत नाही, कारण उत्तर असं आहे की नेदरलँड्स ख्रिस्ती देश आहे असं इथे ऑफिसात जेवताना कोणी म्हटलं तर समोरचा घास हातात धरून बघत राहील. इथल्या सरकारी सांख्यिकी खात्याने २०१७ चे आकडे दिले त्यात पंधरा वर्षांवरचे निम्म्याहून जास्त लोक, ५१ टक्के, कुठल्याच धर्माचे नव्हते. मास्त्रिख्तला तेराव्या शतकातल्या डोमिनिकन चर्चमध्ये आज पुस्तकांचं मोठं दुकान आहे, आणि खरं सांगू का, दुकान अतिशय सुंदर आहे, मी तिथे जाऊन दुःखी वगैरे झालो नाही, पुस्तकं घेऊन आलो.

त्रास देत नाहीत हे मात्र खरं. इथे तुमच्या श्रद्धेवर कोणी चिडत नाही. तुम्ही रविवारी उपासनेला जाता हे कळलं की लोक "अच्छा, इंटरेस्टिंग" म्हणतात, ज्या आवाजात शेजाऱ्याने मधमाश्या पाळल्यात हे कळल्यावर म्हणतील त्याच आवाजात. धर्म हा तुमचा छंद आहे, घरी करा, आमची हरकत नाही. भारतात धर्म म्हणजे तुम्ही कोणत्या बाजूचे, तुमचं डोकं कुठल्या रकान्यात मोजायचं. मला दोन्हीकडे राहून असं वाटायला लागलंय की ही दोन टोकं वाटतात तेवढी एकमेकांपासून लांब नाहीत. ख्रिस्ताला आयुष्याचा राजा मानणं म्हणजे नेमकं काय, हे दोन्हीकडे कोणाला विचारायचंच नसतं. इकडे तो छंद, तिकडे तो शिक्का. राजा कुठेच नाही.

गंमत म्हणजे मी ज्या देशात राहतो तिथे खराखुरा राजा आहे. विलेम-अलेक्झांडर, २०१३ पासून. दर सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी तो संसदेसमोर भाषण करतो, थाट बघण्यासारखा असतो, पण भाषण मंत्रिमंडळाने लिहिलेलं असतं, तो फक्त वाचतो. कायद्यावर त्याची सही लागते पण सही न करण्याची सोय त्याला नाही. पूर्वी सरकार बनवताना राजघराण्याला थोडंफार विचारलं जायचं, २०१२ ला संसदेने तेही स्वतःकडे घेतलं. लोकांचं त्याच्यावर तसं प्रेम आहे, वाढदिवसाला अख्खा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर असतो. राजा म्हणून याहून सोयीचा माणूस सापडणार नाही.

आणि आपण ख्रिस्ताला अगदी असाच ठेवलाय. आपण म्हणजे इथले नाताळपुरते चर्चला जाणारे डच लोक, आणि आपण म्हणजे आमची मराठी मंडळीसुद्धा. मान सगळा. बाप्तिस्मा, लग्न, दफन, नाताळची रोषणाई, सगळीकडे तोच पुढे. पण मुलीचं स्थळ कुठून बघायचं, जमिनीच्या वाटणीत भावाला किती द्यायचं, बॉसने अडचणीतल्या प्रोजेक्टचा लाल स्टेटस हिरवा दाखवायला सांगितला तर काय करायचं, हे ठरवणारं मंत्रिमंडळ वेगळंच असतं, त्यात नातेवाईक असतात, बँक बॅलन्स असतो, भीती असते, आणि त्यांचा निर्णय झाला की मग प्रार्थना करून आपण राजाकडे सहीला पाठवतो. चार पिढ्यांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेली घरं आजही सोयरिकीच्या वेळी हळूच "पण मूळचे कोण?" असं विचारतात. हे विचारणारे लोक येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतलं "तुझे राज्य येवो" दर रविवारी म्हणतात. मीही त्यांच्याच बरोबर उभा राहून म्हणत मोठा झालो.

यावर इथल्या माणसांपैकी ज्याने सगळ्यात सडेतोड बोललंय तो अब्राहम कायपर, धर्मशास्त्राचा माणूस, पेपर चालवायचा, पक्ष काढला आणि १९०१ ते १९०५ पंतप्रधानही होता. १८८० साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या न्यूवे केर्क या चर्चमध्ये, स्वतः काढलेल्या विद्यापीठाच्या उद्घाटनाला तो म्हणाला होता की माणसाच्या आयुष्याच्या सगळ्या विस्तारात अंगठ्याएवढीही जागा अशी नाही जिच्याबद्दल सगळ्यांचा स्वामी असलेला ख्रिस्त "माझी!" म्हणत नाही. हल्ली त्याच चर्चमध्ये प्रदर्शनं भरतात आणि राजा गादीवर येतो तेव्हा शपथही तिथेच घेतो.

आता हे वाक्य ऐकलं की आपल्याकडच्या कोणाच्याही पोटात गोळा येईल, कारण वाटतं की हे लोक सगळंच ताब्यात घ्यायला निघालेत. पण कायपरने आणि त्याच्या लोकांनी मागितलं काय, तर प्रोटेस्टंटांना जेवढं तेवढंच कॅथलिकांना आणि ज्यांना धर्म नको त्यांनाही, प्रत्येकाला आपली शाळा आणि सरकारचे पैसे सगळ्यांना सारखे. १९१७ ला घटनेत तसा बदल झाला, आज इथे हिंदू प्राथमिक शाळासुद्धा त्याच कलमावर चालतात, सुरीनामहून आलेल्या हिंदूंच्या. म्हणजे ख्रिस्त सगळ्याचा राजा आहे असं म्हणणाऱ्याने देश ख्रिस्ती करा अशी मागणी न करता दुसऱ्याला जागा करून दिली. सगळं गोड नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे. प्रत्येक गटाची शाळा वेगळी, पेपर वेगळा, फुटबॉल क्लबसुद्धा वेगळा, प्रोटेस्टंट शनिवारी खेळणार आणि बाकीचे रविवारी, अशा भिंती इथे कित्येक दशकं होत्या आणि १९६० नंतर त्या पडल्या तेव्हा आतली श्रद्धाही बऱ्याच जणांची त्याबरोबर गेली. आणि दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदवाल्यांनी याच कायपरचे विचार वाकवून वापरले. तेव्हा कायपरचा फोटो लावा असं मी म्हणत नाहीये.

माझा एक आंबेडकरवादी मित्र आहे, त्याचा मुद्दा मला सगळ्यात अवघड जातो. तो म्हणतो अरे राजे आपण १९५० ला संपवले, आता परत कोणापुढे कशाला वाकायचं, आणि मग बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण काढतो, की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता. मला हे वाक्य जसंच्या तसं मान्य आहे. उलट मी म्हणतो की बायबलइतका राजांवर संशय घेणारा ग्रंथ शोधून दाखव. लोक शमुवेल या संदेष्ट्याकडे राजा मागायला जातात तेव्हा तो यादीच वाचून दाखवतो, तुमची पोरं रथाला जुंपेल, पोरींना स्वयंपाकाला नेईल, शेतं आणि द्राक्षमळे घेऊन आपल्या चाकरांना देईल, आणि तुम्ही ओरडाल तेव्हा देव ऐकणार नाही. आणि येशूला लोक जबरदस्तीने राजा करायला आले तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला. खटल्यात रोमन सुभेदार पिलातासमोर सरळ म्हणाला की माझं राज्य या जगाचं असतं तर माझ्या लोकांनी लढाई केली असती. उलट धर्माचे पुढारीच तिथे ओरडले की कैसराशिवाय, म्हणजे रोमन सम्राटाशिवाय, आम्हाला कोणी राजा नाही. त्या गर्दीला मी आज दोन्ही देशांत ओळखू शकतो.

वाकण्याचाच प्रश्न असेल तर ज्याने एका ठिकाणी पूर्ण मान वाकवली त्याला दुसरीकडे वाकणं जड जातं, निदान जायला पाहिजे. पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण १९२५ ला सुरू केला तो काही निवांत काळ नव्हता, रोममध्येच मुसोलिनी बसला होता. जर्मनीत १९३४ ला बार्मेन इथे काही चर्चवाल्यांनी जाहीर केलं की आयुष्याचा असा कुठलाही भाग नाही जिथे आम्ही येशूचे नसून दुसऱ्या कुठल्या मालकाचे आहोत. हिटलर सत्तेत आल्याला वर्ष झालं होतं, त्यामुळे दुसरा मालक कोण ते सगळ्यांना कळलं. पण त्याच जाहीरनाम्यात ज्यूंबद्दल एक अक्षर नाही, आणि तो लिहिणाऱ्यांत मुख्य असलेल्या कार्ल बार्टला याची पुढे खंत होती. म्हणजे राजा कोण हे बरोबर सांगूनही शेजारी कोण हे सुटू शकतं.

हल्ली तर इकडे उलटच चाललंय. चर्चची पायरी न चढणारे लोक अमेरिकेत आणि युरोपात "ख्रिस्त राजा आहे" ही घोषणा झेंड्यावर घेऊन फिरतात, स्थलांतरितांच्या विरोधातल्या मोर्च्यांत क्रूस दिसायला लागलेत. आता यात माझी अवस्था बघा, मी ख्रिस्ती आणि स्थलांतरित दोन्ही आहे. युरोप ख्रिस्ती राहिला पाहिजे म्हणणाऱ्याला मी नको आहे, आणि इथली जी चर्च रविवारी भरतात त्यात बरीचशी आमच्यासारख्यांचीच आहेत. अ‍ॅम्स्टरडॅमच्या बाइल्मर भागात घाना-नायजेरियाच्या मंडळ्यांनी कितीतरी वर्षं पार्किंग गॅरेजमध्ये उपासना केली. दगडी चर्च रिकामी आणि गॅरेज भरलेलं, हे चित्र झेंडेवाल्यांना परवडत नाही.

आपल्याकडे या बाबतीत दोन माणसं होऊन गेली ज्यांच्याबद्दल घरी बोललं जातं ते फक्त अभिमानापुरतं. पंडिता रमाबाई माझ्यासारख्याच परदेशात होत्या, इंग्लंडमध्ये वॉन्टेजला १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तिथल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांशी त्यांचा वाद सुरू झाला, कारण ख्रिस्ताला मानलं म्हणून बिशप सांगेल ते सगळं मानायला त्या तयार नव्हत्या, एका पुरोहितवर्गाचं जू उतरवून मी दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही असं त्यांनी स्पष्ट कळवलं. आणि ना. वा. टिळक, ज्यांची भजनं आम्ही पाठ म्हणतो, त्यांनी १९१७ ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला "देवाचा दरबार" सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही चालणार होते, अट एवढीच की ख्रिस्ताचा शिष्य व्हायचं. दीड-दोन वर्षांत टिळक गेले आणि ते सगळं थांबलं. आजच्या वादात हा दरबार कोणालाच परवडणार नाही, मिशनऱ्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनाही नाही आणि आमच्या मंडळीच्या रजिस्टरवाल्यांनाही नाही, कारण त्यात डोकी मोजता येत नाहीत.

डोकी मोजण्यावरून कायद्याकडे येतो. भारतात दहाहून जास्त राज्यांत धर्मांतराविरोधी कायदे आहेत, ओडिशाचा तर १९६७ चा आहे. संविधानाचं कलम २५ धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं, पण १९७७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसारात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. जबरदस्ती आणि आमिष याला शिक्षा असावी, याला माझा अजिबात विरोध नाही, ज्या राजाने जबरदस्तीचं राज्य नाकारलं त्याच्या नावाने धान्याची पोती दाखवून माणसं जमवणं हा त्याचाच अपमान आहे, आणि असं कोणी करत असेल तर आमच्याच लोकांनी ओरडायला हवं. पण उत्तर प्रदेशच्या कायद्यात धर्म बदलणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं आणि मग पोलिसांनी त्याच्या खऱ्या हेतूची चौकशी करायची असं आहे. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीचा हक्क जातो, शीखांना तो १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. म्हणजे गरीबाला श्रद्धा कागदावर आणायची तर किंमत मोजावी लागते, मग तो ती कागदावर आणत नाही, आणि मग आपणच म्हणतो की हे बघा लपूनछपून चाललंय.

मी इथे राहायला आलो तेव्हा नगरपालिकेत नोंदणी करताना मला धर्म विचारला नाही. इथे पूर्वी विचारायचे, रजिस्टर अगदी नीटनेटकं होतं, डच माणसाचा स्वभावच तो. १९४० ला जर्मन आले आणि त्यांना ती तयार यादी मिळाली, जवळपास १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून जास्त मारले गेले. मार्च १९४३ मध्ये चित्रकार-शिल्पकारांच्या एका गटाने अ‍ॅम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीला आग लावली ती त्या याद्या नष्ट करायलाच. मी भारताची तुलना नाझींशी करत नाहीये, उगाच तसा अर्थ काढून भांडायला येऊ नका. एवढंच म्हणतोय की श्रद्धेची यादी चांगल्या सरकारने केली तरी ती पुढच्या सरकारच्या हातात जाते.

आणि समजा उद्या इन्स्पेक्टर आलाच माझा हेतू तपासायला. तो पाळकांना विचारेल, ते म्हणतील माणूस चांगला आहे, वर्गणी वेळेवर देतो. प्रमाणपत्र बघेल, ते मिळेल. ख्रिस्त याचा राजा आहे का हे त्यातून त्याला कसं कळणार? ते माझ्या बायकोला माहीत आहे, माझ्या टीममधल्या नव्या पोरांना थोडंफार माहीत असेल, ज्यांच्या चुका मी क्लायंटसमोर झाकल्या किंवा त्यांच्या माथी मारल्या. साठ दिवसांची नोटीस द्यायचीच असेल तर ती मला त्यांना द्यायला आवडेल, पण अशा अर्जाचा फॉर्म अजून कुठल्या सरकारने काढलेला नाही.