वंचितांचा उद्धार कसा उरकावा

परवा भटक्यांच्या पालावर एका संस्थेचा दप्तरवाटप सोहळा बघावा लागला. भर उन्हात पोरं रांगेत, पाहुणे वाटेत. होतकरू उद्धारकांसाठी त्यातूनच सुचलेल्या या काही सूचना.

आधी कागद. 1860 चा संस्था नोंदणी कायदा, 1950 चा विश्वस्त कायदा, करसवलतीचे बारा-ए नि ऐंशी-जी, नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवरची नोंद, कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) घेण्यासाठीचा सीएसआर-1 अर्ज. घाबरू नका, सीए सगळं करून देतो. पालावरच्या माणसाला सीए नसतो, म्हणून तो मागास.

फ्लेक्स दप्तरांच्या आधी पोचला पाहिजे.

कंपनी फेब्रुवारीत गाठा. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात, 31 मार्च तोंडावर असतो, तेव्हा फारसं कोणी खोलात जात नाही. शाळा संपत आल्या असतील, असू द्या. चेन टिकली तर दप्तर पुढच्या वर्षी चालतं.

31 ऑगस्टला विमुक्त दिन जरूर करा. अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा, 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली याच दिवशी गेला, हे भाषणात दोनदा सांगा.

जातीच्या दाखल्याच्या भानगडीत मात्र पडू नका. ते फोटोत येत नाही. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा लागतो. शाळेचा उतारा? आजोबा शाळेत गेलेच नाहीत. सातबारा? जमीन कुठली! कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही? बाळंतपण कुठल्या शिवारात झालं ते आजीलाही आठवत नाही. अर्ज करायचा तो त्या तारखेला पूर्वज जिथे राहत होते तिथल्या प्रांताकडे, आणि पूर्वज गाढवं हाकत तीन जिल्हे फिरत होते. मग चुलत्याचा दाखला शोधा, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करा, तलाठ्याला गृहचौकशीला आणा. तो येईतो पाल उठलेलं. कुठे गुरुजींनी जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' खरडलेलं, कुठे बापाच्या जागी आजोबाचं नाव, कागद परत. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही. ज्यांच्या बापजाद्यांना सरकारने तारेच्या कुंपणात कोंडून रोज हजेरी घेतली, त्यांनाच आज विचारायचं, तुम्ही तेच कशावरून? आणि त्यांना तुम्ही काय देता, तर तुमचा लोगो छापलेलं दप्तर!

लाभार्थी मोजताना दप्तर, वही आणि बिस्किटपुडा असं एक पोर तीनदा मोजावं.

पुरे झालं. लाज कशी वाटत नाही तुम्हाला? सीएसआरचा नियमच चालू प्रकल्पाला पहिलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं देतो. एका दुपारी उरकायची सक्ती कुणीच केलेली नाही. त्या पैशात पालावरचीच एखादी बारावी झालेली पोरगी दाखल्यांच्या कामाला ठेवा. तिला महिन्याच्या महिन्याला पगार द्या, 'मानधन येतंय' म्हणून झुलवू नका. तहसिलीत, प्रांताकडे तिच्यासोबत तुम्हीही जाऊन बसा. कागद परत आला तर कारण लेखी मागा. दाखला नाकारल्याचा आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं, हे तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?